अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल : तारांना पीळ देणारा शिक्षक



शाळेच्या संगणक कक्षात भिंतीकडून संगणकाकडे जाणारी निळी किंवा करडी लॅन केबल तुम्ही रोज बघता. तिचा एखादा जुना, निकामी तुकडा मिळाला तर वरचं आवरण सोलून बघा. आत आठ बारीक तारा दिसतील. पण त्या सुट्या नसतात, दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. केशरी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या.

हा पीळ कशासाठी? तार सरळ ठेवली असती तर तांबंही कमी लागलं असतं! याचं उत्तर शोधायला आपल्याला दीडशे वर्षं मागे, एका शिक्षकाच्या घरी जावं लागेल. त्या शिक्षकाचं नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज मात्र त्यांची दुसरी, फारशी न सांगितली जाणारी ओळख करून घेऊ.

बालपण : आवाजाचं घर

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक. बोलताना जीभ, ओठ आणि घसा कसे हलतात हे दाखवणारी एक चिन्हलिपी त्यांनी तयार केली होती. आई उत्तम पियानो वाजवायची, पण तिची श्रवणशक्ती कमी होत गेली. इतर लोक तिच्या कानाजवळच्या नळीत मोठ्याने बोलत. छोटा अलेक्झांडर मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन, हळू आणि स्पष्ट बोलायचा. ते तिला कळायचं. नुसता आवाज वाढवून उपयोग नसतो, तो स्वच्छ पोहोचायला हवा, हा धडा त्यांना घरातच मिळाला.

पुढे या घरावर मोठं संकट आलं. क्षयरोगाने अलेक्झांडरचे दोन्ही भाऊ दगावले, एक १८६७ मध्ये आणि दुसरा १८७० मध्ये. उरलेल्या एकुलत्या मुलाला वाचवण्यासाठी आईवडील १८७० मध्येच त्याला घेऊन कॅनडातील ब्रँटफर्डला गेले. तिथल्या मोकळ्या हवेत त्याची तब्येत सुधारली.

शिक्षक आणि संशोधक

१८७१ मध्ये बेल अमेरिकेतील बोस्टनला आले आणि कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांची एक विद्यार्थिनी. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. पुढे १८७७ मध्ये दोघांचा विवाह झाला. लग्नाच्या वेळी बेल यांनी आपल्या कंपनीचे दहा शेअर सोडून बाकीचे सगळे मेबलच्या नावे केले.

दिवसा शिकवायचं आणि रात्री प्रयोग करायचे असा त्यांचा क्रम होता. सोबतीला थॉमस वॉटसन हा हुशार कारागीर. ७ मार्च १८७६ रोजी बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी, १० मार्चला, शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला तारेवरून मारलेली हाक स्पष्ट ऐकू गेली. बेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनीही याच विषयाचा अर्ज पेटंट कार्यालयात दिला होता. त्यामुळे या शोधाच्या श्रेयावरून पुढे पुष्कळ कोर्टकज्जे झाले, हेही आपल्याला माहीत हवं.

टेलिफोन तर झाला, पण ही खरखर?

टेलिफोन घराघरांत जाऊ लागला आणि नवीनच डोकेदुखी सुरू झाली. त्या काळी टेलिफोनला एकच तार असे. वीज त्या तारेतून जायची आणि जमिनीतून परत यायची. तारायंत्रासाठी हीच पद्धत होती आणि तिथे ती चालूनही जायची. शिवाय टेलिफोनची तार बहुतेक वेळा तारायंत्राच्या तारांशेजारूनच जायची.

शेजारच्या तारेतली वीज बदलली की आपल्या तारेतही थोडी वीज निर्माण होते. याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. म्हणून फोन कानाला लावला की माणसाच्या बोलण्यासोबत शेजारच्या तारायंत्राची टकटक आणि खरखर ऐकू यायची. मग करायचं काय? आवाज वाढवला तर खरखरही वाढणार!

बेल यांनी परतीचा रस्ता जमिनीतून काढून दुसऱ्या तारेतून नेला आणि त्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला. या टेलिफोन-मंडलाचं पेटंट त्यांना १९ जुलै १८८१ रोजी मिळालं.

पीळ काय काम करतो?

आकडे घेऊन बघू. समजा, एका तारेत आपला संदेश +२ आहे आणि दुसरीत −२ आहे. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजतं. फरक झाला ४.

आता बाहेरून खरखर आली आणि तिने दोन्ही तारांत +५ ची भर घातली. पहिली तार झाली ७ आणि दुसरी झाली ३. फरक किती? पुन्हा ४ च! खरखर आपोआप वजा झाली.

पण इथे एक अट आहे. खरखर दोन्ही तारांत सारखीच शिरली पाहिजे. तारा सरळ, समांतर असतील तर खरखरीच्या बाजूची तार जास्त खरखर घेते आणि पलीकडची कमी. पीळ दिला की आत्ता जवळ असलेली तार पुढच्या अर्ध्या वेढ्यात लांब जाते आणि लांबची जवळ येते. शेवटी हिशेब दोघींचा सारखा होतो.

१८८१ : दुःखाचं वर्ष

हे पेटंट मिळालं त्याच महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी बेल यांनी प्रवर्तनावरच चालणारं धातुशोधक यंत्र बनवलं. गोळी काही सापडली नाही आणि सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष गेले. मधल्या ऑगस्टमध्ये बेल यांचा नवजात मुलगा श्वासाच्या त्रासाने काही तासांतच दगावला. त्या दुःखातून उठून त्यांनी श्वासाला मदत करणारं एक उपकरण तयार केलं.

बेल यांच्या स्वभावातही एक पीळ होता. कर्णबधिर मुलांनी बोलायलाच शिकावं, शाळेत खुणांची भाषा नको, असा त्यांचा हट्ट होता. या हट्टामुळे अनेक मुलांचं नुकसान झालं, असं कर्णबधिर समाजातले बरेच लोक आजही मानतात. थोर माणसाचं चरित्र वाचताना अशी बाजूही झाकून ठेवू नये.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील बॅडेक येथे बेल यांचं निधन झालं. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते.

बेल यांचा पीळ संगणक कक्षात

इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. तेव्हा त्यासाठी जाड कोअ‍ॅक्सियल केबल वापरत. कार्यालयांच्या भिंतींत टेलिफोनसाठी पिळाच्या तारा मात्र आधीपासूनच होत्या. १९९० मध्ये अशा तारांवर चालणाऱ्या इथरनेटचं मानक ठरलं आणि बेल यांचा पीळ संगणकाच्या कामाला आला.

आजच्या केबलमध्ये चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. कुठला घट्ट, कुठला सैल. सगळ्यांचा सारखाच ठेवला असता तर शेजारच्या जोड्यांतल्या त्याच त्या तारा सतत जवळ आल्या असत्या आणि एका जोडीचं बोलणं दुसरीत गेलं असतं. १०० मेगाबिटच्या नेहमीच्या जोडणीत दोन जोड्या काम करतात, तर गिगाबिटमध्ये चारही.

कनेक्टर बसवताना काही जण फसतात. जोडीच्या तारा १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीने लावतात. साधा टेस्टर आठही दिवे लावतो, सगळं ठीक दाखवतो, पण नेटवर्क रखडतं. का? कारण इथरनेटला ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकाच जोडीतल्या हव्या असतात. त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या निघाल्या, की तारा जोडलेल्या असूनही त्यांचा पीळ तुटलेला असतो. मधल्या ४ आणि ५ वर निळी जोडी येते, कारण टेलिफोनच्या प्लगमध्येही मधलीच जोडी वापरतात. टोकाशी पीळ उकलतानाही जपावं लागतं. कॅट-५ई केबलमध्ये तो साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती हट्टी माणसाला उद्देशून वापरतात. इथे मात्र ती चांगल्या अर्थाने लागू पडते. बेल यांच्या काळचे टेलिफोन संग्रहालयात गेले, पण आईच्या कपाळाशी हळू, स्पष्ट बोलणाऱ्या या मुलाने तारांना दिलेला पीळ आजही आपला शब्द स्वच्छ पोहोचवतो आहे.

करून पहा

१. केबलचा निकामी तुकडा सोला. प्रत्येक जोडीचे १० सेंटिमीटरमधले वेढे मोजा आणि कोणत्या रंगाचा पीळ सर्वांत घट्ट आहे ते लिहा.

२. वरच्या उदाहरणात खरखर एका तारेत ५ आणि दुसरीत ३ शिरली, तर फरक किती येईल? संदेश बिघडेल का?

३. बेल यांच्या आयुष्यातली तुम्हाला आवडलेली एक आणि न पटलेली एक गोष्ट, कारणासह पाच ओळींत लिहा.