विश्लेषण : मातीतल्या जिवाणूंची ओळख पटवण्यामागचे गणित मांडणाऱ्या मार्गारेट डेहॉफ कोण होत्या?

चिमूटभर मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून संशोधक मातीतला सगळा डीएनए एकत्र वाचतात आणि मिळालेले तुकडे संगणकावर जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. याला मेटाजिनोमिक्स म्हणतात. या ताडून पाहण्याचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेच्या मार्गारेट डेहॉफ यांचे नाव आधी घ्यावे लागते.

जन्म १९२५ चा, फिलाडेल्फियातला. कोलंबिया विद्यापीठातून १९४८ मध्ये रसायनशास्त्रात पीएचडी. रेणूंची ऊर्जा मोजण्यासाठी त्यांनी तेव्हाच पंचकार्डांची यंत्रे वापरली होती. मग दोन मुलींच्या संगोपनासाठी त्या काही वर्षे संशोधनापासून लांब राहिल्या.

१९६० मध्ये त्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशनमध्ये आल्या. रॉबर्ट लेडली यांच्यासोबत १९६२ मध्ये त्यांनी ‘कॉम्प्रोटीन’ हा प्रोग्राम तयार केला. प्रथिनाचे सुटे तुकडे दिले की तो मूळ क्रम जुळवून दाखवी. आज जिनोम जुळवतानाही कल्पना साधारण हीच असते. १९६५ च्या त्यांच्या ‘ॲटलास’मध्ये ६५ प्रथिनांचे क्रम होते. अमिनो आम्लांची तीन अक्षरी नावे संगणकात फार जागा खात, म्हणून त्यांनी एकाक्षरी संकेत रूढ केले. ते आजही चालतात.

नेमके काय शोधले?

उत्क्रांतीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते. काही अदलाबदली सर्रास होतात, काही क्वचित. डेहॉफ आणि सहकाऱ्यांनी ७१ प्रथिनगटांतले १,५७२ बदल मोजून १९७८ मध्ये गुणांचा तक्ता मांडला, तो ‘पॅम’. त्यामुळे वरवर वेगळ्या दिसणाऱ्या प्रथिनांचे नाते आकड्यात सांगता येऊ लागले. त्याच वर्षी रॉबर्ट श्वार्ट्झ यांच्यासह त्यांनी वंशवृक्ष काढला. आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज जिवाणू होते, या तेव्हाच्या वादग्रस्त मताला त्यातून बळ मिळाले.

वाद कशाचा?

ॲटलास विकत घ्यावा लागे आणि त्यातली माहिती पुढे वाटण्यावर बंधने होती. अनुदान पुरत नसल्याने हा मार्ग धरला गेला. पण ज्यांचे क्रम त्यात होते त्या शास्त्रज्ञांना तो रुचला नाही, आणि त्यांची नाराजी अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. १९८२ मध्ये सरकारी डीएनए कोशाचे, म्हणजे जेनबँकेचे कंत्राट माहिती खुली ठेवू पाहणाऱ्या लॉस अलामॉसच्या गटाकडे गेले.

५ फेब्रुवारी १९८३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने डेहॉफ यांचे निधन झाले. वय अवघे ५७. त्यांचा प्रथिनकोश पुढे युनिप्रॉटमध्ये सामील झाला. तो आता कुणालाही मोफत पाहता येतो.