पेन्शनरचा मुलगा आणि हिंदू कोड बिल : घटस्फोटानंतर बायकोच्या हाती काय उरतं?

नवऱ्याने तीस वर्षं नोकरी केली. बायकोने तीस वर्षं त्याचं घर आणि मुलं सांभाळली. मग घटस्फोट झाला, तर नवऱ्याच्या पेन्शनमध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडात तिचा वाटा किती?

भारतातल्या हिंदू विवाह कायद्यात या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. अर्धं उत्तर मात्र आहे. ते कायद्यात यावं यासाठी झगडलेले नेते म्हणजे देशाचे पहिले कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते स्वतः एका पेन्शनरचा मुलगा होते.

दापोलीचे सुभेदार

आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म महू छावणीत झाला. काही वर्षांतच रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला आलं. दापोली कॅम्पात निवृत्त महार सैनिकांची वस्तीच होती. पुढे सातारा आणि मग मुंबई असा या कुटुंबाचा प्रवास झाला.

मुंबईतले दिवस ओढाताणीचे होते. मुलाला पुस्तकांची भूक आणि हातात पैसे नाहीत. अशा वेळी रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलीकडे रोख पैसे नसले तर तिचा दागिना मागून आणत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक घेत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत.

त्या काळच्या बाईची आर्थिक बाजू या प्रसंगात दिसते. तिचं म्हणावं असं काही असेल तर ते अंगावरचे दागिने, म्हणजे स्त्रीधन. दरमहा येणारा पैसा पुरुषाच्या नावावर. रामजींनी दागिना प्रत्येक वेळी सोडवून दिला, पण तो त्यांचा चांगुलपणा होता. ज्या घरात असा चांगुलपणा नसेल, तिथे बाईने काय करायचं?

कोकण ते दिल्ली

भीमरावांचं लग्न लहान वयातच रमाबाईंशी झालं. त्यांचं माहेर दापोलीजवळचं वणंद. पुढे कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीची पदवी हा आंबेडकरांचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

ऑगस्ट 1947 मध्ये ते कायदेमंत्री झाले आणि हिंदू कोड बिल त्यांच्याकडे आलं. हा मसुदा मुळात बी. एन. राव समितीने तयार केला होता. आंबेडकरांनी तो निवड समितीतून पुढे नेला.

बिलात काय होतं?

एका पुरुषाला एकच बायको. ठरावीक कारणांसाठी घटस्फोट. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा. विधवेला मिळालेली मालमत्ता केवळ हयातीपुरती न राहता पूर्ण मालकीची. आणि हुंडा म्हणून दिलेलं धन सासरच्यांचं नसून त्या मुलीचं.

घटस्फोटाने धर्म बुडेल, असं विरोधक म्हणत. त्यावर आंबेडकरांचा मुद्दा साधा होता. हिंदूंमधल्या बहुसंख्य जातींत रूढीने घटस्फोट आधीपासूनच होता. महाराष्ट्रातल्या गावांत त्याला काडीमोड म्हणत. मुंबई प्रांताने तर 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही केला होता. बडोदा संस्थानात तो 1931 पासून होता.

बिलातली घटस्फोटाची आणि मालमत्तेची कलमं एकमेकांना पूरक होती. बाईला घटस्फोटाचा हक्क दिला, पण हातात काही दिलं नाही, तर तो हक्क वापरायला ती धजणार कशी? सुटका आणि पोटापाण्याची सोय ही दोन्ही दारं एकदमच उघडायला हवी होती.

विरोध मोठा होता. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचाही बिलावर आक्षेप होता. सप्टेंबर 1951 मध्ये चर्चा लांबत गेली, मोजकी चार कलमं संमत झाली आणि सरकारने बिल बाजूला ठेवलं. 27 सप्टेंबरला आंबेडकरांनी राजीनामा दिला. मागासवर्गीयांकडे होणारं दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरण ही कारणंही त्यामागे होती. पण हिंदू कोड बिल गुंडाळलं जाणं हा त्यातला मोठा घाव होता.

योगायोग असा, की त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, 15 नोव्हेंबर 1951 रोजी, कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा वटहुकूम निघाला. 1952 साली त्याचा कायदा झाला. नोकरदाराच्या म्हातारपणाची तरतूद झाली, पण खातं एकट्या नोकरदाराच्या नावाचं.

तुकड्यातुकड्याने आलेले कायदे

पुढे त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून संमत झाले. 1955 चा हिंदू विवाह कायदा, 1956 चा वारसा कायदा आणि त्याच वर्षीचा दत्तक व निर्वाह कायदा. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचं निधन झालं. निर्वाहाचा कायदा त्यानंतर पंधरा दिवसांनी लागू झाला.

आज स्थिती काय?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 नुसार न्यायालय घटस्फोटानंतर कायमची पोटगी ठरवू शकतं. ती दरमहा असते किंवा एकरकमी. ठरवताना दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहिली जाते. नवऱ्याची पेन्शन हे त्याचं उत्पन्नच असल्याने ती हिशेबात येते. कलम 27 मात्र लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतंच आहे. संसारात जमवलेली मालमत्ता निम्मी-निम्मी वाटा, असं हा कायदा सांगत नाही.

पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंड कर्जवसुलीसाठी जप्त होऊ नयेत म्हणून कायद्याने त्यांना संरक्षण दिलं आहे. पण पोटगी म्हणजे कर्ज नव्हे. थकलेल्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करणं बंधनकारक केलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन घटस्फोटित पत्नीला मिळत नाही. न्यायालयाच्या आदेशाने विभक्त राहणारी, पण घटस्फोट न झालेली पत्नी मात्र कुटुंबात धरली जाते. म्हणून कोणता आदेश मागायचा, हे ठरवतानाच वकिलाशी पेन्शनबद्दल बोललेलं बरं.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर, संसारातली मालमत्ता दोघांची मानली जाते. ब्रिटनमध्ये डिसेंबर 2000 पासून घटस्फोटाच्या वेळी पेन्शनचाच वाटा तोडून दुसऱ्या जोडीदाराच्या नावावर करता येतो. महाराष्ट्रातल्या बाईला मात्र हिस्सेदार म्हणून नव्हे, पोटगी मागणारी म्हणूनच न्यायालयात उभं राहावं लागतं.

बाबासाहेबांच्या बहिणींच्या काळात बाईकडे फक्त दागिना होता. आज तिला घटस्फोट घेता येतो, वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळतो, पोटगी मागता येते. पेन्शन मात्र अजूनही ज्याची नोकरी त्याचीच आहे.