गिजुभाई बधेका

गिरिजाशंकर भगवानजी बधेका, प्रचलित नाव गिजुभाई (जन्म : चित्तल, सौराष्ट्र, १५ नोव्हेंबर १८८५, मृत्यू : मुंबई, २३ जून १९३९) हे गुजरातमधील शिक्षक, बालशिक्षणाचे प्रवर्तक व गुजराती लेखक होते. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी सुरू केलेले बालमंदिर हे भारतातील माँटेसरी पद्धतीच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय. लहान मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशा असलेली आई, असे संबोधले जाते. या प्रेमळ प्रतिमेमागे त्यांच्या कार्याचा एक कठोर भाग काहीसा झाकला गेला आहे. वर्गात शिकवणे फसले, तर दोष मुलात न शोधता प्रथम आपल्या कृतीत शोधावा, दुसऱ्या दिवशी ती बदलावी आणि बदलाचा परिणाम पुन्हा तपासावा, हा शिस्तीचा भाग त्यांनी शिक्षकाच्या कामात आणला. आज शिक्षणशास्त्रात यास चिंतनशील अध्यापन म्हणतात.

वकिलीकडून शिक्षणाकडे

गिजुभाईंचे प्रारंभीचे आयुष्य शिक्षणक्षेत्राशी संबंधित नव्हते. १९०७ मध्ये ते उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेस गेले. तेथून परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. १९१३ मध्ये मुलगा नरेंद्र याचा जन्म झाला. स्वतःला शाळेत मिळालेली वागणूक या मुलाच्या वाट्याला येऊ नये, या विचाराने ते बालसंगोपनावरील पुस्तके वाचू लागले. वसो येथील मोतीभाई अमीन यांच्यामुळे त्यांना मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा परिचय झाला. चालू वकिली सोडून शिक्षक होणे हा त्या काळी आतबट्ट्याचा व्यवहार होता. गिजुभाईंनी तो केला.

दक्षिणामूर्तीतील कार्य

नृसिंहप्रसाद ऊर्फ नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन स्थापन केले होते. आरंभी ते केवळ वसतिगृह होते. पुढे त्यास विनय मंदिर हे माध्यमिक विद्यालय जोडले गेले. गिजुभाई १९१६ मध्ये संस्थेत दाखल झाले व विनय मंदिराचे आचार्य झाले. मोठ्या मुलांना शिकवताना त्यांना आढळले, की भीती, घोकंपट्टी आणि परस्परस्पर्धा या सवयी मुले शाळेत येतानाच बरोबर आणतात, आणि शिक्षकाचा बराच वेळ त्या सोडवण्यात जातो. अशा वेळी विद्यार्थ्यांना बोल लावून काम पुढे रेटणे सोपे असते. गिजुभाईंनी आपल्या कामाची जागाच बदलली. अडीच-तीन वर्षांच्या मुलांपासून आरंभ केला पाहिजे, या निष्कर्षातून बालमंदिर उभे राहिले. तख्तेश्वर टेकडीजवळील त्याच्या इमारतीचे उद्घाटन १९२२ मध्ये कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

माँटेसरींची साधने व निरीक्षणाची पद्धत त्यांनी स्वीकारली, परंतु ग्रंथप्रामाण्य स्वीकारले नाही. लहान वयात परीकथा व कल्पित गोष्टी सांगण्यास माँटेसरी अनुकूल नव्हत्या. भावनगरच्या मुलांवर गोष्टीचा काय परिणाम होतो, हे गिजुभाई रोज पाहत होते. त्यामुळे त्यांनी गोष्ट बालमंदिराच्या केंद्रस्थानी ठेवली. लोककथा, बालगीते, नाट्यप्रयोग, मातीकाम आणि भटकंती यांना तेथे स्थान मिळाले. कोणत्या वयाच्या मुलास कोणती गोष्ट रुचते, ती कशी सांगावी, सांगणाऱ्याचे कोठे चुकते, याचा विचार त्यांनी वार्तानुं शास्त्र या ग्रंथात मांडला. पाश्चात्त्य पद्धत आणि समोरचे मूल यांत विसंगती दिसली, तेव्हा त्यांनी मुलावर विश्वास ठेवला. माँटेसरी १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रथम भारतात आल्या, तेव्हा गिजुभाईंचे निधन होऊन काही महिने लोटले होते. त्यामुळे या मतभेदाची प्रत्यक्ष चर्चा कधी झाली नाही.

दिवास्वप्न

गिजुभाईंच्या ग्रंथांपैकी दिवास्वप्न हा सर्वाधिक वाचला जातो. १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या या छोट्या पुस्तकाचा काशिनाथ त्रिवेदी यांनी केलेला हिंदी अनुवाद विशेष प्रसिद्ध आहे. पुस्तक कथारूप आहे. ते गिजुभाईंची दैनंदिनी समजून वाचले जाते, तसे ते नाही. मात्र त्यातील अनुभवांना त्यांच्या प्रत्यक्ष अध्यापनाचा आधार आहे.

कथेतील निवेदक शिक्षणाधिकाऱ्याकडून प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षासाठी प्रयोगाकरिता मागून घेतो. पहिल्या दिवशी तो घरून पूर्ण योजना करून येतो. शांततेचा खेळ घेऊन मुलांना एकाग्र करावे, असा त्याचा बेत असतो. वर्गात उलटेच घडते. मुले गोंगाट करतात, नकला करतात, खेळ पूर्ण फसतो. तो मुलांना सुटी देतो आणि मुख्याध्यापकाची नाराजी ओढवून घेतो. रूढ शाळेत या क्षणी छडी बाहेर आली असती. निवेदक त्याऐवजी आपली योजनाच तपासतो. जी मुले आपल्याला ओळखत नाहीत आणि ज्यांना शांत बसण्याचा आनंद कधी मिळालेला नाही, त्यांच्याकडून आपण पहिल्याच दिवशी तो अपेक्षिला, हे त्याच्या लक्षात येते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग स्तब्ध होऊन ऐकतो.

पुढील वर्षभर हाच क्रम चालतो. गोष्टींची गोडी लागल्यावर पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. नखे, केस व कपडे यांच्या स्वच्छतेकडे लक्ष दिले जाते. व्याकरण खेळातून आणि इतिहास गोष्टीतून येतो. सारे काही साधते असे नाही: पालकांची सभा बोलावली जाते तेव्हा मोजकेच पालक येतात, सहकारी शिक्षक थट्टा करतात, वार्षिक परीक्षेची टांगती तलवार कायम राहते. प्रत्येक अपयशानंतर निवेदक थांबून कारण शोधतो, आणि ते कारण बहुधा त्याच्या स्वतःच्या एखाद्या गृहीतकात सापडते. विशेष म्हणजे, प्रयोग करण्यापूर्वी तो शिक्षणशास्त्रावरील वाचनाचाही स्वानुभवाने पडताळा घेऊ इच्छितो.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये विचारप्रक्रियेवरील ग्रंथात चिंतनात्मक विचाराचे विवेचन केले होते. चिंतनशील व्यावसायिक ही संकल्पना मात्र डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. दिवास्वप्न या दोहोंच्या दरम्यानचे आहे, आणि त्यात परिभाषा जवळजवळ नाही. शिक्षक-प्रशिक्षणात चिंतन हा अनेकदा भरावयाचा तक्ता होऊन बसतो. त्या तुलनेत या पुस्तकातील शिक्षकाचे चिंतन जिवंत वाटते, कारण त्यावर त्याचा उद्याचा तास अवलंबून असतो.

अध्यापन मंदिर व मराठीशी संबंध

आपली पद्धत इतरांनी जशीच्या तशी उचलण्यापेक्षा निरीक्षण करणारे शिक्षक घडावेत, या हेतूने दक्षिणामूर्तीत अध्यापन मंदिर चालवले गेले. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयातील प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२० च्या दशकात येथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षण पत्रिका या गुजराती मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी संपादित केली आणि गिजुभाईंचे विचार महाराष्ट्रातील पालक-शिक्षकांपर्यंत पोहोचवले.

पुढे ताराबाईंनी गिजुभाईंच्या कार्यालाही हाच निकष लावला. बालमंदिराची साधने महाग होती आणि त्याचा लाभ प्रामुख्याने शहरी सुशिक्षित कुटुंबांना मिळत होता. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली व परिसरातील वस्तूंपासून स्वस्त साधने बनवण्यात आली. अंगणवाडी हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला.

उत्तरकाल व मूल्यमापन

१९३० च्या सत्याग्रहकाळात गिजुभाईंनी सुरत परिसरात मुलांची वानरसेना संघटित केली. त्यांच्या लेखनासाठी त्यांना १९२९ चे रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाले. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून निवृत्त झाले व १९३८ मध्ये त्यांनी राजकोट येथे नवे अध्यापन मंदिर सुरू केले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दिवास्वप्नातील शिक्षकास प्रयोगाची परवानगी देणारा अधिकारी सहानुभूतीने वागणारा आहे, मुदत निश्चित आहे आणि हाती एकच वर्ग आहे. अनेक वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या आणि अशैक्षणिक कामांत गुंतलेल्या शिक्षकास ही मोकळीक क्वचितच लाभते. शिक्षकाने स्वतःकडे पाहावे, हा आग्रह एकट्या शिक्षकावर सर्व भार टाकतो, असा आक्षेप त्यामुळे घेता येतो. गिजुभाईंना या अडचणीची जाणीव होती, हे त्यांच्या कथेतील त्रासिक मुख्याध्यापक आणि थकलेले सहशिक्षक यांच्या चित्रणावरून दिसते. ती सोडवण्याचा मार्ग मात्र पुस्तकात नाही.