अणुभट्टीतून औषध : डॉ. होमी भाभा

गणराय ही बुद्धीची देवता. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, ज्यांची बुद्धी लोकांच्या कामी आली अशा एका थोर माणसाची आठवण आम्ही येथे करीत आहोत. डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेतले की अणुशक्ती आठवते, वीज आठवते, बाँबही आठवतो. परंतु पांढुर्णा-सौंसरचा रोगी नागपूरला दाखवायला जातो आणि तेथे त्याला 'न्यूक्लिअर मेडिसिन'ची चिठ्ठी मिळते, त्या चिठ्ठीशीही भाभांचा संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही नव्हते.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सुशिक्षित पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीरजी बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ साली त्यांना केंब्रिजला पाठवले. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. त्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली आणि मगच आपल्या आवडीच्या विषयाकडे वळले. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांचे नाव जगभर झाले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी घरी आले असताना महायुद्ध पेटले आणि परत जाणे राहून गेले. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते काम करू लागले. १९४५ साली टाटा ट्रस्टच्या मदतीने त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथे 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली.

अणुभट्टी म्हणजे फक्त वीज, असा आपला समज असतो. 'अप्सरा'तून वीज निघतच नव्हती. तिच्यात एखादा पदार्थ ठेवून न्यूट्रॉनचा मारा केला की त्याचे किरणोत्सर्गी रूप तयार होते. त्याला समस्थानिक म्हणतात. टेल्युरियमवर असा मारा केला की आयोडीन-१३१ मिळते. आपल्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते. आयोडीन साधे की किरणोत्सर्गी, हे तिला कळत नाही. त्यामुळे रोग्याने गोळी किंवा द्रव स्वरूपात हे औषध घेतले की ते बरोबर जागेवर पोहोचते. काही किरण बाहेर येतात, ते कॅमेरा टिपतो. काही किरण जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात आणि बिघडलेल्या पेशी तेथल्या तेथे नष्ट करतात. कॅन्सरला बाहेरून यंत्राने किरण देतात, त्याला आपल्याकडे 'शेक देणे' म्हणतात. येथे औषध आतून काम करते.

भाभांच्या आत्या मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढे टाटा ट्रस्टने १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. हे रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले, तेव्हा विभागाची सूत्रे भाभांच्याच हाती होती. १९६३ साली परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तुर्भ्याला तयार झालेले समस्थानिक रोग्याच्या उपयोगी पडावेत, यासाठी ते केंद्र होते.

या औषधांचा साठा करून ठेवता येत नाही. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. हाडे, किडनी, हृदय यांच्या तपासणीसाठी वापरले जाणारे टेक्निशियम तर ६ तासांतच निम्मे होते. म्हणून रुग्णालयात मॉलिब्डेनमचे लहान उपकरण ठेवतात. ते ६६ तासांत निम्मे होते आणि त्यातून रोज ताजे टेक्निशियम काढून घेतात. जगभरच्या तंत्रज्ञांनी या उपकरणाला 'गाय' असे नाव ठेवले आहे. रोज धार काढायची, आणि काही दिवसांनी गाय आटली की नवी आणायची.

येथे आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वहिनींना थायरॉईडच्या त्रासासाठी नागपूरला हे आयोडीन दिले गेले. काही दिवस वेगळ्या खोलीत झोपा, लहान मुले आणि गरोदर बायकांपासून दूर राहा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. वहिनींनी ते काटेकोर पाळले. ते दिवस संपले, तरी त्यांचे ताट आम्ही वेगळेच ठेवले. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलवेनात. आमच्याच मुलांना आम्ही त्यांच्याजवळ जाऊ देत नव्हतो. असे चार महिने गेले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी साधा हिशेब मांडून दाखवला : ८ दिवसांनी निम्मे, १६ दिवसांनी पाव, ८० दिवसांनी हजारावा हिस्सासुद्धा नाही, शिवाय बरेचसे औषध पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जाते. तो हिशेब ऐकून वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्हाला मात्र त्यांच्याकडे बघवले नाही. औषधाने त्यांचा आजार बरा केला. त्रास दिला तो आमच्या अज्ञानाने.

भाभांना हे काम फार काळ पाहता आले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ते अवघे ५६ वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नव्हते. चित्रकला, संगीत आणि झाडे यांचा त्यांना मोठा षोक होता. १९६७ साली तुर्भ्याच्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

आपल्या घरी, शेजारी कोणाला असे औषध सांगितले, तर घाबरू नये. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशा वेळी हे आयोडीन देत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पथ्य पाळावे. आणि ते दिवस संपले की त्या माणसाचे ताट पुन्हा आपल्या पंगतीत मांडावे. या गणेशोत्सवात आरतीचे तबक आम्ही वहिनींच्याच हाती देणार आहोत. डॉ. भाभांना आमचे हेच अभिवादन.

गणपती बाप्पा मोरया!