घर फ्रँकीचं, सातबारा कुणाचा?

हेडफोन लावा आणि एखादा डान्स ट्रॅक सुरू करा. एक, दोन, तीन, चार... प्रत्येक मात्रेवर धपकन पडणारा किक ड्रम, त्यावर टिकटिकणारी हाय-हॅट आणि मधूनच कुणाचा तरी चर्चमध्ये गायल्यासारखा आर्त आवाज. गोव्यातल्या बीचवर म्हणा किंवा कॉलेजच्या फेस्टमध्ये, या ठेक्यावर तुम्ही कधी ना कधी नाचला असालच. या संगीताला ‘हाऊस’ म्हणतात. पण यातलं ‘हाऊस’ म्हणजे घर नाही बरं का, ते आलंय ‘वेअरहाऊस’मधून. म्हणजे चक्क गोदाम! आणि त्या गोदामातला जादूगार होता फ्रँकी नकल्स.

फ्रँकीचं खरं नाव फ्रान्सिस निकोल्स. जन्म १८ जानेवारी १९५५ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. तो शिकत होता टेक्स्टाइल डिझाइन, पण मन रमायचं डान्स क्लबात. सोबत जिगरी दोस्त लॅरी लेव्हान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी क्लबमध्ये पडेल ते काम केलं. फुगे फुगवले, सजावट केली आणि हे करता करता रेकॉर्ड वाजवायला शिकले. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात असं मिसळायचं, की नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. तेव्हा हे शिकवणारा कुठलाही क्लास नव्हता. कान हाच गुरू.

१९७७ मध्ये शिकागोत रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाने साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या २०६ क्रमांकाच्या इमारतीत क्लब सुरू केला. डीजे म्हणून आधी विचारणा झाली ती लॅरीला. त्याला न्यूयॉर्क सोडायचं नव्हतं, म्हणून संधी फ्रँकीकडे आली. बावीस वर्षांचा हा पोरगा बॅग भरून अनोळखी शहरात निघाला. क्लबचं नाव पडलं ‘वेअरहाऊस’.

तिथे कोण यायचं हे समजून घ्या, नाहीतर या गोष्टीतला जीवच हरवेल. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते आणि त्यातले बरेचसे समलिंगी. फ्रँकी स्वतःही समलिंगी होता. बाहेरच्या जगात या मुलांना रंगावरून एक टोमणा, प्रेमावरून दुसरा. शनिवारी रात्री मात्र त्या अंधाऱ्या हॉलमध्ये त्यांना कुणी काही विचारत नसे. नाच पहाट उलटेपर्यंत चाले. त्यांच्यासाठी वेअरहाऊस म्हणजे जवळजवळ देऊळच होतं.

मग आली १२ जुलै १९७९ ची रात्र. शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ जॉकीने डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटकांनी उडवण्याचा तमाशा मांडला. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी ऑफर होती. हजारो लोक जमले, स्फोट झाला, गर्दी मैदानात घुसली आणि पुढचा सामना रद्द करावा लागला. त्या रात्री मैदानात व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा कामाला होता. लोक आणत असलेल्या सगळ्याच रेकॉर्डी काही डिस्कोच्या नाहीत, कृष्णवर्णीय गायकांच्या बाकीच्या रेकॉर्डीही ढिगात पडताहेत, हे त्याच्या लक्षात आलं. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

या प्रकारानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. नवीन गाणी येईनात. मग डीजेने वाजवायचं काय? फ्रँकीने शक्कल लढवली. रील-टू-रील टेप घ्यायची, ब्लेडने कापायची आणि पुन्हा चिकटवायची. नाचाला रंग चढवणारा तुकडा लांबवायचा, ठेका ठळक करायचा. आज तुम्ही लॅपटॉपवर दोन क्लिकमध्ये जे करता, ते तो तासन् तास बसून हाताने करायचा. नंतर डेट्रॉइटच्या डेरिक मे या तरुणाकडून त्याने रोलँड टीआर-९०९ ड्रम मशीन विकत घेतलं आणि रेकॉर्डच्या खाली मशीनचा ठेका लावायला सुरुवात केली. पोरं रेकॉर्डच्या दुकानात जाऊन वेअरहाऊसमध्ये वाजतं तसलं काहीतरी द्या, असं म्हणू लागली. ‘वेअर’ गळलं, ‘हाऊस’ उरलं. पुढे फ्रँकी वेअरहाऊस सोडून स्वतःच्या ‘पॉवर प्लांट’ क्लबमध्ये गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता गोष्ट येते लेबलांकडे. मोठी कंपनी दारात उभं करत नाही म्हटल्यावर शिकागोच्या पोरांनी स्वतःच रेकॉर्ड काढायचं ठरवलं. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सने ‘ऑन अँड ऑन’ हा ट्रॅक आपल्याच छोट्या लेबलवर काढला. हाऊसची पहिली रेकॉर्ड म्हणून बरेच जण तिचंच नाव घेतात. त्यात त्याचा जोडीदार कोण, माहितीये? मैदानावरचा तो व्हिन्स लॉरेन्स! त्या रेकॉर्डची बनावट साधीच होती. ती ऐकून गल्लीतल्या प्रत्येक पोराला वाटलं, अरे, हे तर मीही करू शकतो. सेकंडहँड मशीन, घरातली खोली, दुकानदाराच्या हातात दिलेल्या थोड्या प्रती, बस्स.

पण रेकॉर्ड छापायची कुठे? शिकागोत छपाईचा कारखाना होता लॅरी शर्मनकडे. त्याने या पोरांना हाताशी धरून ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्स’ सुरू केलं. पाठोपाठ रॉकी जोन्सचं ‘डीजे इंटरनॅशनल’ आलं. ट्रॅक्सच्या रेकॉर्डी जुन्या, न खपलेल्या रेकॉर्डी वितळवून केलेल्या प्लास्टिकवर छापल्या जायच्या, त्यामुळे गाण्यासोबत खरखर फुकट! तरीही त्या अटलांटिक ओलांडून गेल्या. जानेवारी १९८७ मध्ये डीजे इंटरनॅशनलच्या स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचं ‘जॅक युअर बॉडी’ ब्रिटनच्या चार्टवर थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरांनी लंडन नाचवलं.

मग पोरं मालामाल झाली असतील? छे. कागदावर नीट लिहिलेलं फारसं काही नव्हतं. रोख थोडे पैसे हातावर टेकवले, सही घेतली, संपलं. रॉयल्टी मिळाली नाही, ही तक्रार ट्रॅक्सच्या अनेक कलाकारांनी पुढे वर्षानुवर्षं केली.

फ्रँकीचं सर्वांत गाजलेलं गाणं घ्या. ‘युअर लव्ह’ मुळात लिहिलं आणि गायलं जेमी प्रिन्सिपल या लाजऱ्या तरुणाने. त्याची टेप फ्रँकीकडे आली. तो ती क्लबमध्ये वाजवत राहिला, तिला आकार देत राहिला. रेकॉर्ड निघायच्या आधीच शहरभर तिच्या कॅसेटच्या कॉप्या फिरत होत्या. १९८७ मध्ये ती ट्रॅक्सवर आली तेव्हा कलाकार म्हणून नाव मात्र फ्रँकी नकल्सचं होतं. ज्याचा आवाज, ज्याचे शब्द, तो मागे राहिला. आपल्या हिरोच्या गोष्टीतली ही बाजूही माहीत असायला हवी. डीजेने गाणं जगवलं हे खरं, पण ते जन्माला कुणी घातलं हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

त्याच सुमारास फ्रँकी न्यूयॉर्कला परतला. ज्युडी वाइनस्टीन आणि डेव्हिड मोरालेस यांच्यासोबत ‘डेफ मिक्स’मधून त्याने बड्या बड्या गायकांचे रिमिक्स केले. १९९१ मध्ये आलेल्या ‘द व्हिसल साँग’ने तो क्लबबाहेरही पोहोचला. पुढच्याच वर्षी लॅरी लेव्हान अवघ्या ३८ व्या वर्षी गेला. १९९८ मध्ये ग्रॅमीने रिमिक्स करणाऱ्यासाठी नवा पुरस्कार सुरू केला आणि पहिलाच मान फ्रँकीला दिला. रेकॉर्ड वाजवणाराही कलाकार असतो, हे आता अधिकृत झालं. २००४ मध्ये शिकागोने जेफरसन स्ट्रीटच्या त्या भागाला त्याचं नाव दिलं.

शेवटची वर्षं त्रासाची गेली. मधुमेह होता, त्यात पायाच्या दुखापतीने डोकं वर काढलं आणि २००८ मध्ये पाऊल कापावं लागलं. तरी तो वाजवत राहिला. ३१ मार्च २०१४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी तो गेला. त्याच्या संग्रहातल्या सुमारे पाच हजार रेकॉर्डी आज शिकागोच्या स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत जपल्या आहेत.

आणि ती लेबलं? ‘डान्स मेनिया’ हे शिकागोचंच लेबल २००१ च्या सुमारास बंद पडलं होतं, ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. जुन्या रेकॉर्डी नव्याने, चांगल्या प्लास्टिकवर छापल्या जाऊ लागल्या. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोन दिग्गजांनी २०२० मध्ये ट्रॅक्सवर दावा ठोकला आणि २०२२ मध्ये तडजोड होऊन त्यांची गाणी त्यांच्याकडे परत आली. तब्बल तीन दशकांहून अधिक काळाने सातबाऱ्यावर खऱ्या मालकाचं नाव लागलं! त्याच वर्षी बियॉन्सेने अख्खा अल्बम या नाचाच्या परंपरेवर बेतला. २०२३ मध्ये वेअरहाऊसची इमारत शिकागोने ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केली, म्हणजे आता ती सहजासहजी पाडता येणार नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण हॉस्टेलच्या खोलीत बीट बनवतात, मित्राकडून गाऊन घेतात, रात्री दोन वाजता अपलोड करतात. उद्या एखादं छोटं लेबल तुम्हाला मेसेज करेल. खूश व्हा, पण सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. गाण्याचे शब्द-चाल हा एक हक्क आणि ते रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, हा दुसरा. दोन्ही कुणाकडे जाणार, किती वर्षांसाठी आणि पैसे कसे मिळणार, हे लेखी घ्या. मित्र गायला असेल तर त्याचंही नाव आणि वाटा आजच ठरवा. मैत्रीत कशाला लिहायचं, म्हणाल. पण गाणं गाजल्यावर हा विषय काढणं फार अवघड जातं.

आज रात्री ‘युअर लव्ह’ ऐका. सुरुवातीची ती गोल गोल फिरणारी सुरावट मन लावून ऐका. आणि आवाज आला की लक्षात ठेवा, हा जेमी प्रिन्सिपल आहे.