देवळालीचे मास्तर आणि ६१७४

गणितज्ञ म्हटलं की आपल्याला रामानुजन आठवतात, नाहीतर एम-थ्रीचा पेपर! पण देवळालीच्या एका शाळामास्तरांचं नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापलेलं आहे आणि आमच्या होस्टेलच्या अख्ख्या विंगमध्ये ते एकालाच माहीत होतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आकडेमोडीची गोडी तिथूनच लागली असावी असं मला वाटतं. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, १९२९ ला बी.एस्सी. पुढची पदवी नाहीच. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला मास्तरकी.

१९४६ साली त्यांना ६१७४ सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचंच जन्मसाल घेऊ: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तिथून गाडी हलतच नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४! सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. आपण सी-लॅबमध्ये दहा ओळींचा लूप लिहून हे तपासतो. मास्तरांकडे होती फक्त पेन्सिल.

मोठ्या संख्यांवरही त्यांचा तितकाच जीव. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? १४२८५७! अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. ४५ ही त्यातलीच, वर्ग २०२५, म्हणून २०२५ साल उजाडलं तेव्हा गणितवाल्यांनी त्यांची आठवण काढली. नऊ एककांच्या १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो. ही कल्पना जिथे सुचली त्या डोंबिवली स्टेशनचं ते जुनं नाव. लोकल चुकली की आपण वैतागतो, बाकी काही नाही.

पण याचा उपयोग काय? हा प्रश्न आपण प्रत्येक विषयाला विचारतो, तसा तेव्हाच्या बड्या गणितज्ञांनीही मनात विचारला असणार, कारण देशात त्यांना फारसं कुणी गांभीर्याने घेतलं नाही. ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. बरंचसं लेखन छोट्या मासिकांत आलं, किंवा त्यांनी स्वतःच पुस्तिका काढल्या. १९६६ मध्ये पत्नी गेली. राहणी अगदी साधी, तरी पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी शिकवण्या कराव्या लागल्या. हे वाचून मला राग आला, खरंच सांगतो. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव जगभर झालं. मास्तर तोवर सत्तरीचे.

१९८६ मध्ये देवळालीलाच ते वारले. वेळ असला तर पाच अंकी संख्येवर तोच लूप चालवून बघा. तिथे एका संख्येवर मुक्काम होत नाही, गाडी ठरावीक संख्यांतच गोल गोल फिरत राहते.