खानदेशातला कातळ वाचणारा ब्लॅनफर्ड थेट अ‍ॅबिसिनियाच्या युद्धावर गेला होता

मेहरूण म्हटलं की आठवतात ती बोरं आणि जळगावचा तलाव. याच मेहरूणहून दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराकडे निघालात तर काळा कातळ लागतो. उत्तरेला तापी ओलांडून यावल-रावेरकडे गेलात तर केळीच्या बागा आणि खोलवर पसरलेला गाळ.

एकाच जिल्ह्यात जमिनीची ही दोन रूपं का?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाच्या मागे लागून तापीचं खोरं पालथं घालणारा एक माणूस होता. नाव विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म 7 ऑक्टोबर 1832 चा, लंडनचा. घरचा कारखाना होता, तरुणपणी इटलीत एका व्यापारी पेढीवर दोन वर्षं कामही केलं. पण मन रमलं ते दगडात. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून ते जर्मनीतल्या फ्रायबर्गला गेले आणि 1855 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला लागले. सोबत धाकटा भाऊ हेन्री होता. हाच हेन्री पुढे भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला.

सरकारला हवा होता कोळसा. म्हणून ब्लॅनफर्ड यांना ओडिशातल्या तालचेरला पाठवलं. तिथे कोळशाच्या खालच्या थरात मोठमोठे गोटे बारीक मातीत रुतलेले दिसले. एवढे गोटे बर्फानेच वाहून आणले असावेत, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. उन्हाने तापणाऱ्या भारतात कधीकाळी हिमनद्या होत्या, हे ऐकून अनेकांना विश्वास बसला नाही. आज ते सर्वमान्य आहे.

1862 नंतर त्यांच्याकडे मुंबई इलाख्याचं काम आलं. तेव्हा जळगाव-धुळे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश होता. तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात फिरून त्यांनी थर नोंदवले, नकाशे केले. हा अभ्यास 1869 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्यातला मोठा मुद्दा दख्खनच्या कातळाच्या वयाचा. किरणोत्साराने वय मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. मग करायचं काय? कातळाच्या खाली काय आहे ते बघायचं. नर्मदेच्या खोऱ्यात बागजवळ समुद्री जीवांचे अवशेष असलेले थर लाव्हाच्या खाली सापडतात. त्यावरून हा लाव्हा क्रिटेशस काळाच्या अखेरीस वाहू लागला, असं ब्लॅनफर्ड यांचं म्हणणं होतं. आधुनिक मोजणीत हे वय सुमारे 6.6 कोटी वर्षं निघालं, म्हणजे अंदाज बराच जवळ होता.

मग आलं युद्ध.

अ‍ॅबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याने ब्रिटिश वकील आणि काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं होतं. त्यांना सोडवायला मुंबईच्या फौजेचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली सुमारे 13 हजार सैनिक आणि 44 हत्ती निघाले. या मोहिमेबरोबर भूवैज्ञानिक म्हणून ब्लॅनफर्ड यांना धाडण्यात आलं.

तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून फौज डोंगर चढत गेली. सैनिक वाट काढत होते आणि ब्लॅनफर्ड वाटेतला प्रत्येक थर टिपत होते. वर पोचल्यावर दिसलं काय? पुन्हा तोच थरावर थर चढलेला काळा लाव्हा, खानदेशात पाहिलेल्या कातळाचा जणू सोयरा!

13 एप्रिल 1868 ला मगदला किल्ला पडला. तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली. कैदी सुटले, पण किल्ल्यातली पोथ्या-पुस्तकं आणि मौल्यवान वस्तू लुटून ब्रिटनला नेल्या गेल्या. ती लूट परत मिळावी म्हणून इथिओपिया आजही मागणी करतो. ब्लॅनफर्ड यांच्या हाती लागलं ते वेगळं होतं. दगड आणि प्राण्यांचे नमुने घेऊन ते परतले आणि 1870 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अदिग्रात वालुकाश्म, अशांगी लाव्हा ही त्यांनी थरांना दिलेली नावं इथिओपियातले भूवैज्ञानिक अजूनही वापरतात.

पुढे इराणच्या सीमा आयोगाबरोबर प्रवास, 1879 मध्ये मेडलिकॉट यांच्यासोबत भारताच्या भूविज्ञानाचा मोठा ग्रंथ आणि 1882 मध्ये निवृत्ती. निवृत्तीनंतरही ते बसून राहिले नाहीत. भारतातल्या प्राण्यांची माहिती देणाऱ्या ग्रंथमालेचं संपादन त्यांनी केलं. सस्तन प्राण्यांचा भाग स्वतः लिहिला. 23 जून 1905 ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

ब्लॅनफर्ड साम्राज्याचे नोकर होते. कोळसा सरकारला हवा होता आणि युद्धही सरकारचंच होतं. खानदेशातल्या शेतकऱ्यासाठी म्हणून कुणी त्यांना पाठवलं नव्हतं. पण त्यांनी वाचलेली जमीन शेवटी शेतकऱ्याच्याच कामाची ठरते. कातळात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं, म्हणून एका विहिरीला पाणी लागतं आणि शेजारची कोरडी जाते. तापीच्या गाळात ते वाळू-गोट्यांच्या थरांत मुरतं, म्हणून तिथे खोल बोअर चालतात. उपसा वाढला तसं यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातलं पाणीही खोल गेलं आहे.

त्यामुळे पुढचा बोअर मारण्याआधी खानदेशात आजही तोच प्रश्न विचारावा लागतो: खाली कातळ आहे की गाळ?